अप्पांच्या नाटकातली ऐंशी मिनिटं

चार तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग दोन तास पन्नास मिनिटांवर आलं, तेव्हा पराग खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला.

“मेधाताई, एक नंबर! काय क्रिस्प केलंय!”

मीही खूश झाले. पराग आमचा बॉस, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ठाण्यात त्याचा ऑडिओबुकचा स्टुडिओ आहे. म्हणजे पुस्तक कोणीतरी वाचतं, आम्ही ते रेकॉर्ड करतो आणि लोक कानात इअरफोन घालून भाजी चिरता चिरता ऐकतात. मी तिथे साउंड एडिटर. वाचणाऱ्याचा खोकला, अडखळणं, पान उलटल्याची खसखस, सगळं काढून टाकायचं हे माझं काम. धुणीभांडीच म्हणा, फक्त आवाजाची. त्याआधी पंचवीस वर्षं मी जाहिरातींचं एडिटिंग केलं. तिथे अर्धा सेकंद रिकामा गेला तरी क्लायंट घाम पुसायला लागतो.

हे रेकॉर्डिंग होतं अप्पा केळुसकरांचं. वय ब्याऐंशी, मुक्काम कोपर, तिसरा मजला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मोहने गावच्या कारखान्यात, लॅबमध्ये काढली आणि पाळी संपली की नाटकं लिहिली. नंतरची नाटकं लोकांना कळली, चालली, त्यांचं नाव झालं. पण अगदी पहिली तीन होती ॲब्सर्ड. म्हणजे ज्यात गोष्ट पुढे सरकत नाही, कोणी काही मिळवत नाही, आणि घरी जाताना आपण बायकोला विचारतो, “तुला काय कळलं?” पहिल्या नाटकात एक माणूस स्वतःच्याच घराची बेल वाजवतो आणि आतून तोच विचारतो, कोण आहे? दुसऱ्यात चौघांचं कुटुंब स्वतःच्या दिवाणखान्यात रांग लावून उभं असतं. कशासाठी ते रांगेतल्या पहिल्यालाही माहीत नसतं.

या तीन नाटकांना पुन्हा कोणी हात लावला नव्हता. आणि अप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आवाज राहील, पण हा राहणार नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी ही तिन्ही नाटकं स्वतःच्या आवाजात वाचायची असा अप्पांनी हट्ट धरला.

ते ठाण्याला येऊ शकत नव्हते, म्हणून चार दुपारी मी माइक घेऊन कोपरला गेले. पहिल्याच दिवशी मी नेहमीची सूचना दिली.

“अप्पा, कंसातलं वाचायचं नाही हं. फक्त संवाद.”

“नाही वाचणार,” ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

वाचताना ते मधेच थांबायचे. कधी पाच सेकंद, कधी चांगली पंधरा. पाण्याचा घोट घ्यायचे, खिडकीबाहेर बघायचे, मग पुढचं वाक्य. मला वाटलं, घसा दुखतोय बिचाऱ्यांचा. मनात ठरवून टाकलं की हे सगळे खंड आपण काढून टाकायचे. ऐकणाऱ्याला त्यांचा थकवा कळता कामा नये.

आमच्याकडे एक प्रीसेट आहे, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग. दीड सेकंदाहून लांब शांतता दिसली की ती कापून अर्ध्या सेकंदावर आणते. बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. मी दाबलं आणि गेले.

तोवर अप्पांचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिने एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद होती. पहिल्या नाटकाची फाईल मी त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या फोनवर पाठवली. तासाभराने उत्तर आलं. पाटीचा फोटो. त्यावर खडूने लिहिलेलं:

‘बोलणं सगळं आलं. नाटक कुठे आहे?’

मी संहिता काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कंसातलं वाचलं. पानोपानी एकच शब्द. (शांतता). (शांतता). (दीर्घ शांतता). मी त्यांना वाचू नका म्हणाले होते, म्हणून ते वाचत नव्हते. करत होते!

मग मी आपलं एडिटिंग पुन्हा ऐकलं. “कोण आहे?” “मी.” “मग आत कोण आहे?” “मीच.” धडाधड. सोसायटीत पार्किंगवरून दोघं भांडतायत असं वाटत होतं. कानशिलं तापली माझी.

आता मूळ फाईल काढायची, एवढंच. पण प्रीसेटमध्ये एक छोटी चौकट असते, जुन्या फाईलवरच नवी लिहू का? तिथे बरोबरची खूण होती. माझीच, कुठल्या तरी जुन्या जाहिरातीच्या वेळची. आणि रेकॉर्डरचं कार्ड तर मी कधीच पुसलं होतं. अप्पांचा आवाज शाबूत होता, पण ऐंशी मिनिटांची शांतता गेली होती.

साधी रिकामी जागा घालून चालत नाही. अगदी कोरी शांतता कानाला फोन कट झाल्यासारखी लागते. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते, भिंतींची, खिडकीबाहेरच्या रस्त्याची. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी आम्ही एक मिनिट गप्प बसून ती टिपून ठेवतो. मीही ठेवली होती. प्रीसेटने तिचाही अर्धा सेकंद केला होता.

मी परागला सगळं सांगितलं.

“शनिवारी रिलीज आहे ताई. असंच जाऊ दे. कोणाला कळणारे?”

“अप्पांना कळलं.”

“पण ते आता कुठे बोलू शकता...” तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. लॅपटॉपवर तारखा बघितल्या. “गुरुवारपर्यंत करून द्या. पण पॉझ जरा आटोपशीर ठेवा, प्लीज.”

दुसऱ्या दिवशी मी कोपरला गेले आणि जे केलं होतं ते अप्पांना सांगून टाकलं. मान खाली घालून, शाळेत सांगतात तसं. ते ऐकत राहिले. मग पाटीवर लिहिलं, ‘किती गेली?’

“ऐंशी मिनिटं.”

“अहो, रागवा की तिच्यावर,” सुमनकाकू म्हणाल्या. “पाटीवर रागावता येत नाही का?”

अप्पांनी पाटी पुसली. सावकाश. मग लिहिलं, ‘शांतता आता माझ्याकडे भरपूर आहे. लागेल तेवढी ने.’

मला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांत पाणी आलं, पण मी बॅग उघडण्याचं निमित्त करून खाली वाकले.

प्रश्न होता, कुठली शांतता किती लांब? यावर काकू आत गेल्या आणि एक पिवळी पडलेली वही घेऊन आल्या. त्या नाटकांच्या वेळी काकू प्रॉम्प्टर होत्या. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच पुढचा शब्द द्यायचा, हे प्रॉम्प्टरचं काम.

“पण यांच्या नाटकात नट गप्प झाला की तो वाक्य विसरलाय की शांतता करतोय तेच कळायचं नाही गं,” काकू म्हणाल्या. “पहिल्या तालमीत मी प्रत्येक शांततेत वाक्य ओरडले. हे असे चिडले! मग मी रेघा मारून ठेवल्या. एक रेघ म्हणजे एक श्वास. तेवढे श्वास होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

वहीत प्रत्येक कंसाशेजारी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. कुठे तीन, कुठे सात. एका ठिकाणी एकवीस.

आधी रूम टोन घ्यायचा होता. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी रेकॉर्डिंगच्या वेळी होती तेवढीच उघडी. दहा मिनिटं सलग हवी होती. तिघं बसलो. दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी. पुन्हा सुरू. चौथ्या मिनिटाला खाली भंगारवाला. पुन्हा सुरू. नवव्या मिनिटाला बेल वाजली.

अप्पा बोलू शकत नव्हते, मी श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटी काकूच म्हणाल्या, “कोण आहे?”

बाहेरून आवाज आला, “मी.”

अप्पांनी उशी तोंडावर दाबून धरली. हसायलाही बंदी होती त्यांना. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, घरात पंखाही ऐकू येत नाही म्हणून काळजीने आलेल्या. काकूंनी त्यांनाही आत घेऊन गप्प बसवलं. या वेळी दहाही मिनिटं मिळाली.

मग खरी मारामारी. मी एकेक वाक्य लावायचे, काकू वहीत बघून तेवढे श्वास घ्यायच्या आणि हात वर करायच्या. तिथे मी पुढचं वाक्य जोडायचे. तिसऱ्याच शांततेला अप्पांनी पाटी आपटली. ‘फार लवकर झालं!’

“रेघा सात आहेत, मी सात घेतले.”

‘तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. आता तुला दम लागतो.’

“मग तुम्ही घ्या श्वास! बघू किती लागतात ते.”

अप्पांनी रुबाबात श्वास मोजायला घेतले, पाचव्यालाच त्यांना ठसका आला. काकू पाणी घेऊन धावल्या. ठसका थांबल्यावर दोघांनी मिळून ठरवलं की काकूंच्या रेघा प्रमाण, पण ‘दीर्घ’ लिहिलंय तिथे अप्पांचा हात. एकवीस रेघांच्या जागी अप्पांनी हात वर केलाच नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. बऱ्याच वेळाने तो हात उठला आणि मी होता तेवढा सगळा वेळ तसाच ठेवला. असे दोन दिवस गेले.

गुरुवारी पराग हेडफोन लावून बसला. त्या लांब शांततेत त्याने दोनदा स्क्रीन तपासली, एकदा हेडफोनची पिन. मग डोळे मिटून ऐकू लागला. संपल्यावर म्हणाला, “चार तास अठरा मिनिटं? मूळचं तर चार तास दहा होतं.”

“अप्पांनी वाढवून दिलीय.”

त्याने काहीच कापलं नाही. फक्त सुरुवातीला एक सूचना घातली, ‘मधल्या शांतता नाटकाचाच भाग आहेत, ॲप बंद पडलेलं नाही.’ तरी पहिल्याच दिवशी तक्रार आली की ॲप बंद पडतं. एकाने मात्र लिहिलं, स्वयंपाक थांबवून उभा राहिलो, पोळी करपली. परागने ते छापून भिंतीवर लावलं आहे.

दोन महिन्यांनी एका सकाळी काकूंच्या नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणाले. पलीकडे काहीच नाही. पुन्हा हॅलो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाट पाहिली. माझे नऊ श्वास झाले. मग एक घोगरा, खरखरीत, मी कधीच न ऐकलेला आवाज आला.

“आता... नाटक आहे.”

फोन ठेवला गेला. ऑपरेशननंतरचे त्यांचे ते पहिले शब्द, असं काकूंनी नंतर सांगितलं. डॉक्टरांनी त्या दिवशी तीनच शब्दांची परवानगी दिली होती आणि काकू अजून रुसलेल्या आहेत, की तिन्ही मला का दिले.

हल्ली मी मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवते. आणि कोणी बोलता बोलता थांबलं, तर आधी विचारते, हे काढू का?