विजयमालाताईंचा कॉन्स्टंट

विजयमालाताई तंत्रनिकेतनात पास्कल ही जुनी संगणक भाषा शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांचं पास्कल मात्र झालं नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या विहारात चौदा एप्रिलला रक्तदान शिबिर असतं. दात्यांची नोंद आजही त्यांनी लिहिलेल्या पास्कल प्रोग्राममध्येच होते. पोरं त्या काळ्या पडद्याला हसतात. हसेनात का, तो कधी बंद पडलेला नाही.

प्रोग्रामच्या अगदी वरती ताईंनी दोन कॉन्स्टंट, म्हणजे प्रोग्राम चालताना न बदलणारे आकडे, लिहिलेत: किमान वय अठरा, कमाल पासष्ट. त्याखाली या दोन्हींमधल्या सगळ्या वयांचा एक सेट, म्हणजे संच. तुमचं वय सेटमध्ये असलं तर खाटेवर, नसलं तर घरी. गेल्या वर्षी त्यांचा सख्खा भाचा प्रज्ञेश आला, तर अठराला दोन महिने कमी. बहीण रुसून बसली. ताई म्हणाल्या, "कॉन्स्टंट नातं बघून बदलत नसतो." मला तेव्हा बाई जरा अतिच वाटल्या.

पहिला दाता मात्र दर वर्षी ताईच. वंदना झाली की बाही वर. बाळंतपणात त्या कुणा अनोळखी माणसाच्या रक्तावर वाचल्या होत्या. त्याचं नाव कधी कळलं नाही, म्हणून दर जयंतीला हा नेम.

यंदाही वंदना झाली. ताई लॅपटॉपपुढे बसल्या आणि सगळ्यांत आधी स्वतःचं नाव घातलं. वय, सहासष्ट. पडद्यावर उमटलं: 'सेटमध्ये नाही.'

मंडळाचे अध्यक्ष भीमराव कळवळले. "अहो ताई, प्रोग्राम तुमचाच. वरचा एक आकडा बदला की. कोण विचारणारे?"

"माझाच आहे, म्हणून तर बदलत नाही."

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत बसल्या. भाच्याला लावलेला नियम स्वतःला लावताना इतकं सरळ राहिलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पहिली खाट रिकामी होती. दर वर्षी खुर्च्या मांडून सुईपासून लांब पळणारा मी शेजारीच उभा होतो. ताईंनी चष्मा लावला आणि न विचारता माझं नाव टाइप केलं.

"वय?"

"बेचाळीस."

"अजून बरीच वर्षं सेटमध्ये आहात," त्या म्हणाल्या. "मग उभे कशाला? झोपा."

मी बाही वर केली.