तीजा, नीलू आणि समुद्रातला काट्याचा गोळा

काट्याचा गोळा म्हणून राहिली मले... सख्खी पोट्टी! आईले असं म्हणते का कोणी? वरून तिकडं विशाखापट्टणमले नवऱ्याले दाखवून हसली असेल.

झालं असं... पोळा जवळ आला म्हणून मी नीलूले फोन केला. इकडं पोळ्यामागं तीजा येते, लग्न झालेल्या पोरी हरतालिकेच्या उपासाले माहेरी येतात. तीजाले माहेरी येतेस का, सरळ सांग म्हटलं. तर म्हणे, "पाहते आई, जमलं तर." जमलं तर म्हणजे? मग मी बोलली, चांगलीच बोलली. तिनं फोन ठेवला अन् संध्याकाळी एक व्हिडिओ पाठवला.

ती समुद्रातले जीव सांभाळायची नोकरी करते. काचेच्या टाकीत एक काळं गोल बसलेलं... धोत्र्याचं बोंड असते न, तसं. सी अर्चिन म्हणतात त्याले. नीलू त्याची सगळी माहिती सांगते, अन् शेवटी म्हणते, "बघ आई, सेम टू सेम तू."

राग तर असा आला! पण आता या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्टशिवाय दुसरा आवाज नाही. तिचा आवाज तरी ऐकू येते, म्हणून तोच व्हिडिओ लावत राहिली...

ते बिचारं कोणाच्या अंगावर जात नाही. तोंड खालच्या बाजूले, त्यात पाच दात, दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. काटे हलवते, काट्यांच्या मधात बारीक चिमटे पण आहेत. अन् शिंपल्यांचे तुकडे, खडे उचलून डोक्यावर घेते... मी उन्हात पदर घेते तसं.

तरी खेकडे सोडत नाहीत, मासे सोडत नाहीत. एक मासा तर तोंडानं पाण्याची पिचकारी मारून त्याले उलटं पाडते. खालचे काटे लहान... तिथूनच फोडून खाते. मी एकटीच मोठ्यानं बोलली, "अरे, पण त्यानं तुझं काय खाल्लं होतं?"

दुसऱ्या दिवशी शेजारची दुलारीदीदी, इथलीच मूळची, बेसनाची तळलेली ठेठरी घेऊन आली. तिचा पोरगा तीजासाठी बहिणीले सासरून आणायले निघाला होता. मी तिच्यापुढं नीलूचं गाऱ्हाणं लावलं. तिनं ऐकलं अन् तिच्या बोलीत एवढंच विचारलं, "तोर बेटी ला लेवाय बर कोन गे हे?" तुझ्या पोरीले घ्यायले कोण गेलं?

घ्यायले काहून जायचं? कमावती आहे, तिकीट काढन अन् येईन. दीदीनं कपाळाले हात लावला. "बिना लेनहार के कोनो बेटी तीजा आथे का बहिनी?"

लेनहार, म्हणजे माहेराहून घ्यायले येणारा माणूस. आमच्याकडून दरवर्षी हेच जायचे. गाडीत बसले की फोन करायचे, "पोट्टीले घेऊन येतो, पुरण शिजव." मागचा पोळा झाला, अन् थंडीत हे गेले... नीलूले भाऊ नाही. यंदा तिच्या दारात कोणी उभंच राहिलं नाही, अन् मी इथून ओरडून राहिली, ये, ये!

ती वाट पाहून राहिली होती. पण कोणाची पाहू, हे मले कशी विचारणार?

आई लेनहार होत नाही, असं दीदी म्हणते. न होवो. मी आजवर एकटी गाडीत बसली नाही, समुद्रही पाहिला नाही. तिकडची पाटी मले वाचता येणार नाही, पण शेवटचं स्टेशन आहे म्हणतात... सगळे उतरतील तिथं मी उतरीन.

नीलू, फोन उचलत नाहीस, पण माझ्या पोस्टवर अंगठा बरोबर देतेस. म्हणून सगळ्यांसमोर इथंच विचारते. तुले घ्यायले मी आली तर चालते का? तुझ्या सासूबाईले विचार, अन् येत्या रविवारपर्यंत मले सांग. अंगठा देऊ नको... तोंडानं सांग.