न सांगता धुतलेलं घर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं आधी गोंधळतं आणि मगच सरळ चालायला लागतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कडब्याच्या गाडीतून देवळातल्या मूर्ती पळवणारे पाहिले. त्या सगळ्यांत तपास करणाऱ्याची एक सोय असते. काहीतरी गेलेलं असतं, माणूस तरी नाहीतर माल तरी. या प्रकरणात काहीच गेलं नव्हतं. गेला होता तो भिंतीवरचा मळ.

मी तेव्हा कुंभकोणमला सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरचं, मराठी. पोटासाठी तमिळ आणि घरात मराठी, तीही अशी की आता पुण्यात माझी नातवंडं ती ऐकून हसतात. हसू देत. त्या मराठीमुळेच हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. गावात आपल्या लोकांना रायर म्हणतात. कुठल्याही रायराची तक्रार आली की आमचे हेड कॉन्स्टेबल ती माझ्याकडे ढकलून मोकळे व्हायचे. हेड कॉन्स्टेबलला तिकडे एट्टय्या म्हणतात. हे एट्टय्या वयानं माझ्यापेक्षा मोठे होते आणि हुकूम मी सोडायचा की त्यांनी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

ते महामहमचं वर्ष होतं. बारा वर्षांनी येणारा तो मेळा म्हणजे लाखो लोकांची गर्दी, आणि पोलिसांच्या झोपेला सुतक. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या घरांनी दर्शनी भिंती स्वच्छ करून चुना द्यावा, अशी दवंडी नगरपालिकेनं पिटवली होती. दोन-तीन माड्यांची घरं म्हटली की बांबूची परांची बांधा, काथ्याच्या कुंच्यानं घासा, आठवडा गेला. पण त्या वर्षी एक नवी टूम निघाली. युद्धात बाँबची आग विझवायला आणलेला पेट्रोलवर चालणारा पंप एका माणसानं लिलावात घेतला होता. बैलगाडीमागे तो जुंपून तो गल्लोगल्ली फिरे. नळीचं एक टोक पाण्यात सोडायचं, दुसऱ्या टोकाची पितळी तोटी दोघांनी छातीशी कवटाळून धरायची, की तिसऱ्या माडीपर्यंत अशी धार जाई की वर्षानुवर्षांचं काळं शेवाळ चुन्याच्या पोपड्यांसकट खाली येई. पाहायला सगळा गाव जमत असे. गर्दी पांगवायला मीच दोनदा शिपाई पाठवले होते.

एका सकाळी एक सत्तरीचे रायर धाकट्या मुलाला घेऊन ठाण्यात आले. मोठं घराणं, देवळामागच्या वीथीत तीन माड्यांचं घर. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"माझं घर धुवून टाकलं कीं हो कोणी तरी!"

"म्हणजे लुटलं?"

"नाहीं, धुतलं. पाण्यानं. अस्क दर्शन, सगळंच्या सगळं, तिन्ही माड्या. आम्ही मरुदानल्लूरला भजनास गेलेलों, सांजेस येऊन पाहतों तों घर पांढरं!"

एट्टय्या तोंडावर रजिस्टर धरून खिडकीकडे वळले. मलाही हसू येत होतं. म्हटलं, "काका, फुकटात काम झालं. चोखट झालं म्हणा आणि चुना द्या."

म्हातारे हसले नाहीत. मुलगा खाली बघत होता. तो पुटपुटला, "बावा, जाऊं द्या कीं. ठाण्यांत कशास?" तसे ते त्याच्यावर ओरडले, "लिहून घ्याच म्हणतों मी! सरकारांत लिहिलेलं असूं दे."

मग हकीकत कळली आणि माझं हसू मावळलं. थोरला मुलगा लग्नानंतर लगेच मलायात रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला होता. जपानी आले, पत्रं थांबली. परत आलेल्या एकानं त्याला जपान्यांच्या रेल्वेच्या कामावर तापानं फणफणलेला पाहिलं होतं, तेवढंच. आता त्या शेवटच्या खबरीला बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाचं काय करायचं ते शास्त्रात सांगितलेलं आहे. पळसाच्या काड्यांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं. महामहमला सगळे नातेवाईक जमणारच होते, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात कावेरीकाठी हा विधी ठरला होता. ज्या घरात मृत्यूचं दुःख असतं त्या घराला तिकडे वर्षभर ना धुणं, ना चुना, ना दारात रांगोळी. म्हणून सगळी वीथी पांढरीशुभ्र होत असताना यांचं घर मुद्दाम काळं ठेवलं होतं.

आणि त्या विधीनंतर थोरल्या सुनेचं काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरात रायरांची विधवा बहीण होती, आत्याबाई. वयाच्या सतराव्या वर्षापासून डोईवर पदर आणि पदराखाली वस्तरा. त्या घरात अजून तोच रिवाज होता. आत्याबाईंनी न्हाव्याला सांगूनही ठेवलं होतं.

घर धुतलं गेलं आणि वीथी कुजबुजायला लागली. घरच्यांनी धुतलं नाही. मग या घरात कोणी मेलेलं नाही, असं म्हणायचा हक्क असलेला माणूस कोण? थोरला! तो आलाय, पण तोंड दाखवत नाहीये. भटजींनीही हात आखडला. जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर पाप कुणाच्या माथी, असं त्यांनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं.

पंपवाल्याला ठाण्यात आणायला वेळ लागला नाही. तेवढा आवाज करणारं यंत्र गावात एकच होतं. तो हात जोडून म्हणाला, "ऐय्या, चूक झाली. घर चुकलं. शेजारचं धुवायचं होतं."

मी त्याला वीथीत नेऊन उभा केला. शेजारचं घर एका माडीचं, आणि त्याला चुना देऊन पंधरवडा झालेला. पलीकडच्या घरावर भलंमोठं कुलूप. "यातलं कुठलं धुवायचं होतं रे?" तो डोकं खाजवत राहिला. परत ठाण्यात आणून बाकावर बसवला, चहा दिला. मारलं की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, चहा दिला की निदान त्याला हवं ते बोलतो, असा माझा अनुभव. चहा संपल्यावर त्यानं जबाब बदलला. एक किडकिडीत माणूस आला, म्हणाला, मी या घरचा थोरला, धुवून टाक, आणि निघून गेला. कपडे कसे? पांढरे. दाढी? होती. नंतर म्हणाला, नव्हती. उंच? बसलेला होता.

झालं! हे ठाण्याच्या भिंतीतून बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत थोरला चार जणांना दिसला होता. कुणी त्याला स्टेशनात पाहिला, कुणी पट्टीश्वरमच्या देवळात. एट्टय्यांनी उत्साहानं एक दाढीवाला पकडून आणला. तो निघाला विजयवाड्याचा गुळाचा व्यापारी, बायको आणि सासूसह मेळ्याला आलेला. सासूनं ठाण्यात जो दंगा केला त्यापुढे दरोडेखोर परवडले. मी दुसऱ्याच्या घरातला मेलेला माणूस शोधत होतो आणि तो जिवंत निघावा की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं.

म्हातारे रोज यायचे. दारातूनच विचारायचे, "नाहीं ना सांपडला?" मी नाही म्हटलं की "बरं, बरं" म्हणून काठी टेकत परत जायचे. इतके दिवस फिर्यादी पाहिले होते. ते विचारतात, सापडला का? 'नाहीं ना' म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण मेळ्याच्या बंदोबस्तात तिकडे लक्ष कुठलं जायला!

मग एक दिवस सुनेचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. उन्हातून गेलो होतो, पाणी मागितलं. ती मागच्या अंगणात विहिरीवर गेली. तिशी ओलांडलेली, कपाळावर कुंकू ठसठशीत. पोहरा वर आला तो अर्धा आणि गढूळ. ती म्हणाली, "थांबा अण्णा, शेजारून आणतें. त्या दिवसापासून आमची विहीर अशीच आहे. तळ लागला."

गडग्यापलीकडच्या शेजारच्या विहिरीत मात्र हातभर खालीच पाणी डबडबलेलं होतं. मी ओट्यावर बसलो आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस मी पंपवाल्याला कोणी सांगितलं, कधी सांगितलं हे विचारत होतो. एवढं पाणी आणलं कुठून, हे विचारलंच नव्हतं! पंप याच विहिरीतून प्यायला होता. विहीर मागच्या अंगणात, अंगणाचं दार मागच्या बोळात उघडणारं, आणि त्या दाराला अडसर आतून. मरुदानल्लूरला जाताना घरातल्याच कुणीतरी तो काढून ठेवला होता.

"हा अडसर कोण लावतं?" मी विचारलं.

तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी लावतें. त्या दिवशीं मींच काढून ठेवला. पंपवाल्यास मींच निरोप धाडला. आणखीं कांहीं पुसूं नका, लिहून घ्या."

गुन्हा इतक्या सहज कबूल झाला की माझा त्या कबुलीवरचा विश्वास उडतो. पण कारण पटण्यासारखं होतं. कुठल्या बाईला आपल्या डोईवर वस्तरा हवा असतो? मी ठाण्यात आलो, आणि वेळ झाल्यावर म्हातारे दारात उभे राहिले. "नाहीं ना सांपडला?"

"सापडला, काका. तुमच्या सुनेनं केलंय. कबुली दिली."

त्यांची काठी हातातून पडली. एट्टय्यांनी धरलं म्हणून, नाहीतर तेही पडले असते.

"खोटं! ती काय करील? तिला तर ठावेंही नाहीं. भजनास निघतांना मी म्हटलं, पंचपात्र विसरलों, आणि मागें जाऊन अडसर मी काढला. पंपवाल्याच्या हातापायां मी पडलों. पोलिसांनीं फारच धरलं तर थोरल्याचं नांव सांग, तेंही मींच शिकवलं." ते बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "विधि मींच ठरवला कीं. घरचा मोठा मी, भटजीस मी बोलावलं. नको म्हणूं कसा? बहिणीपुढें काय म्हणूं? तिची डोई माझ्या बापानं करवली, तेव्हां मी उगाच उभा होतों. पोरीस वस्तरा लागलेला मज पाहवणार नाहीं रे बाबा."

मला संताप आला होता, हे लपवत नाही. माझे शिपाई, माझा वेळ, तो गुळाचा व्यापारी! पण राग कुणावर काढायचा? स्वतःच्याच घरात चोरून शिरलेल्या फिर्यादीवर कुठलं कलम लावायचं, ते पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला भेटलो. सासऱ्यांनी सगळं सांगितलंय, म्हटलं. वाटलं होतं, ती चकित होईल.

"मज पहिल्याच दिवशीं कळलेलं," ती म्हणाली. "पंचपात्र त्यांच्या हातांतच होतं."

"मग तुम्हांला ठाऊक आहे की तुमचे यजमान..."

"येणार नाहींत. हें मी कधींच जाणतें, अण्णा." ती शांतपणे बोलत होती, मीच खाली बघत होतो. "पण मामंजींस हें सांगूं नका. मी वाट पाहतें, असंच त्यांस वाटूं द्या. मी दारांत उभी राहिलें तर ते दोन घास अधिक जेवतात. पुतळ्यास अग्नि त्यांच्याच हातानं द्यायचा होता. तो दिला असता तर दुसऱ्या दिवशीं ते उठले नसते."

मी बाहेर आलो तो जास्तच गोंधळून. सासरा सुनेला वाचवत होता आणि सून सासऱ्याला, आणि दोघंही एकमेकांपासून ते लपवण्यासाठी सरकारी यंत्रणा वापरत होती. फसवलं जात होतं ते फक्त पोलीस खातं. विचार करून पाहिला, तर खात्याचं त्यात फारसं काही बिघडत नव्हतं.

मी खाकीतला आवाज काढून धाकट्याला बोलावलं आणि सांगितलं, थोरला दिसल्याचा जबाब कागदावर आहे. चौकशी उघडी असताना त्याला मेलेला ठरवाल तर मला विचारावं लागेल की एवढी घाई कुणाला आणि का? बिचारा पांढराफटक पडला. विधी पुढे ढकलला गेला. मेळा झाला, नातेवाईक आले तसे पांगले. म्हाताऱ्यांनी स्वतः उभं राहून भिंतीला चुना देववला आणि सुनेनं दारात रांगोळी घातली.

पुढे माझी नागपट्टणमला बदली झाली. चार्ज देताना नव्या साहेबांनी ती फाइल उचलून विचारलं, "हे काय? भिंत धुतली म्हणून तपास?" मी म्हटलं, "गुंतागुंतीचं आहे. चालू राहू द्या." त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं, पण फाइल राहिली.

या केसनं मला काय शिकवलं? तोवर मी समजत होतो, लोक ठाण्यात येतात ते निकाल लावून घ्यायला. आमचीही बढती निकालांवरच ठरते. पण काही माणसं येतात ती निकाल लांबावा म्हणून, आणि त्यांना ते तोंडानं सांगता येत नाही. त्यानंतर मी फिर्यादीचं म्हणणं लिहून घेताना तो काय विचारतो, याबरोबर कसं विचारतो, हेही ऐकू लागलो. तरी सगळं कळलं असं नाही. निम्म्या वेळा मी चुकीचंच ऐकलं असेल.

एट्टय्या निवृत्त झाल्यावर मला भेटायला आले होते, तेव्हा पुढचं कळलं. म्हातारे रायर वारले. त्यांचे दिवस झाल्यावर आत्याबाईंनी पुन्हा न्हाव्याला बोलावणं धाडलं. आता थोरल्याचं नाव घेऊन अडवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. न्हावी धोपटी घेऊन ओट्यावर येऊन बसला. सून आतून आली, कपाळावर कुंकू तसंच, आणि त्याला तमिळमध्ये म्हणाली, "माझ्या नवऱ्याची केस ठाण्यात चालू आहे. आधी तिथं विचारून ये."

न्हावी खरोखरच ठाण्यात गेला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. एट्टय्यांनी कपाटातून फाइल काढली, धूळ झटकली आणि त्याच्यापुढे उघडून धरली.

"चालू आहे," ते म्हणाले.