दाखवायची बारा जॅकेटं

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका बोटदुरुस्तीच्या यार्डात गनी हुरजुक स्टोअर सांभाळतो. त्याच्या स्टोअरमध्ये नवं काही सापडत नाही. हेल्मेटं, हातमोजे, कमरेचे पट्टे, लाइफ जॅकेटं, जे येईल त्याचं खोकं तो आल्या दिवशीच फाडतो आणि दुपारच्या सुट्टीआधी वाटून मोकळा होतो. रिकामी फळी पाहिली की त्याला बरं वाटतं.

"चाचा, ऑडिटवाल्यांना दाखवायला दोन सेट तरी ठेवा ना," खरेदी बघणारा रोनित दर वर्षी म्हणतो.

"माणसांच्या अंगावर आहेत. तिकडे जाऊन बघ म्हणावं."

"अंगावरचे मळलेले असतात."

"मग माणसं धुऊन आणू? यल्ला, सही कर."

रोनित हसतो आणि सही करतो. असं का, हे एकोणीस वर्षांत गनीला कोणी विचारलेलं नाही.

इथे येण्याआधी गनी सैनिक होता, पण वर्षातून दोनच महिने. रायगडच्या किनाऱ्यावर टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे राखीव पायदळाची, एक पलटण होती. एसटीचे कंडक्टर, मच्छीमार, शाळामास्तर, सुपारीच्या बागा करणारे, असे लोक दहा महिने आपापल्या कामावर असत आणि दोन महिने कॅम्पला येऊन बूट चढवत. मिठाच्या जुन्या गोदामात त्यांच्या बराकी होत्या. पावसाळ्यात भिंतींना मीठ सुटे आणि अंगावरच्या खाकीला पांढरे डाग पडत.

या पलटणीनं पन्नास वर्षांत एकही लढाई लढली नाही. एका युद्धात पूल राखले. एका संपात बंदरावरच्या तेलाच्या टाक्यांभोवती पहारा दिला. दोन वादळांत रस्त्यावर पडलेली झाडं तोडली, आणि एका महापुरात बोटी चालवल्या. अशा पलटणीचा इतिहास हा बराचसा वाट पाहण्याचा इतिहास असतो. वाट पाहणाऱ्याला निदान तयार दिसावं तरी लागतं. त्यामुळे तिथे सगळ्यांत मोठा दिवस इन्स्पेक्शनचा. प्रत्येक वस्तूचा एक दाखवायचा संच असे. तो नवाकोरा, घडी न मोडलेला, सील केलेल्या पेटीत राही आणि साहेब येतील त्या सकाळीच बाहेर निघे. वापरायला जुना माल. हे कुठल्या हुकमात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोडायचं कसं हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

पलटणीचं स्टोअर गनीकडे होतं, हुद्दा नाईक.

यंदाच्या एप्रिलमध्ये निवृत्त सुभेदार विलास मोकल यांचा अलिबागहून फोन आला. पलटणीला पन्नास वर्षं झाली, तिचा इतिहास छापायचा होता, आणि तो सुभेदार स्वतः जुळवत होते.

"गनी, तू एक पान दे. स्टोअरवर. आपलं स्टोअर इन्स्पेक्शनमध्ये पहिलं आलं होतं, त्या वर्षीचं लिही."

"साहेब, मला कुठे लिहिता येतं?"

"स्टॉक रजिस्टर तर मोत्यासारखं लिहायचास. आणि हे बघ, सोमनाथ चोगलेची मुलगी तुझ्याच दुबईत आहे. मरीना भागात, कुठल्याशा ऑफिसात. सान्वी नाव. पुस्तक छापून आलं की तिची प्रत तुझ्याकडे पाठवतो, तू हातानं नेऊन दे. बरं दिसेल."

त्याच दिवशी पुस्तकाचा कच्चा खर्डा फोनवर आला. शारजाशेजारच्या उम्म अल कुवैनमधल्या आपल्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गनीनं महापुराचं प्रकरण काढलं. चौथ्या परिच्छेदात वाक्य होतं: शिपाई सोमनाथ चोगले यांनी अतिआत्मविश्वासाने लाइफ जॅकेट काढून ठेवले व स्वतः प्रवाहात वाहून गेले.

त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. बाहेर खाडीतल्या तिवरांवर ऊन पडलं होतं. त्या उजेडात कशालाच सावली नव्हती.

"काय झालं? कोण गेलं?" हव्वाबीनं विचारलं.

"वीस वर्षांपूर्वी गेला."

"मग आता कशाला तोंड उतरलंय?"

बायकोलाही त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. महापुराचा तो दुसरा दिवस. बोटी तीन, माणसं बारा. स्टोअरमध्ये जुनी जॅकेटं चौदा होती, आत कसलासा कापूस भरलेली. दोन फेऱ्यांत ती भिजल्या गोधडीसारखी जड होत. बाजूच्या लोखंडी पेटीत नवी बारा जॅकेटं होती, नारिंगी, वासासकट कोरी. इन्स्पेक्शन आठ दिवसांवर आलं होतं. सोमनाथ दुसऱ्या फेरीनंतर ओलाचिंब दारात आला. कंडक्टर माणूस, गर्दीतून आवाज काढायची सवय.

"ओ नाईक, हे जॅकेट आहे का रेतीची गोण? त्या पेटीतलं दे की एक."

"पेटीला सील आहे."

"सील काय साहेबांच्या सासऱ्यानं लावलंय?"

"सोमनाथ, आठ दिवस राहिलेत. चिखल लागला तर मी काय दाखवू?"

"बरं, दाखव तू," सोमनाथ म्हणाला आणि हसत गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं गनीला नंतर नेहमी वाटत आलं.

तिसऱ्या फेरीत सोमनाथनं ते जॅकेट काढून बोटीत टाकलं. पुलाजवळ बोट कलली, तसा तो पाण्यात पडला. चौकशीत जॅकेट बोटीत सापडलं. गनीला एकच प्रश्न विचारला गेला: जॅकेट दिलं होतं का? "दिलं होतं, सही आहे," असं त्यानं सांगितलं. ते खरं होतं. नंतर इन्स्पेक्शन झालं, पेटी उघडली, बारा जॅकेटं ओळीनं मांडली गेली आणि स्टोअर पहिलं आलं. पितळेचा एक लहानसा कप मिळाला. पुढच्याच वर्षी गनी आखातात आला. तो कप त्यानं बरोबर आणला नाही आणि फेकलाही नाही. गावच्या घरात कुठल्यातरी कोनाड्यात तो असेल.

पान लिहायला त्याला सोळा दिवस लागले. नात इनाया ते टाइप करून देणार होती. गनी कागदावरून वाचायचा आणि ती फोनवर झरझर उतरवायची. सोमनाथ दारात आला तिथे ती थांबली.

"नाना, इज धिस अ स्टोरी?"

"नाही बेटा. खरं आहे."

"देन व्हाय आर यू टेलिंग देम नाऊ?"

गनीनं कागद खाली ठेवला. "तेव्हा कोणी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हेही स्टॉक रजिस्टरमधलं उत्तर आहे. खरं, आणि उपयोग नसलेलं.

इनायानं पुढे टाइप केलं. स्वयंपाकघराच्या दारात हव्वाबी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी चहा आणून दिला तेव्हा ती म्हणाली, "म्हणून तुम्ही माझ्या सगळ्या नव्या चादरी आल्या दिवशीच काढायला लावता."

सुभेदारांचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"गनी, हे काय पाठवलंस? मी तुला कपाबद्दल लिहायला सांगितलं होतं."

"कपाबद्दलच आहे, साहेब."

"अरे, अख्ख्या पलटणीवर येतं हे. दाखवायचा संच काय तुझ्या एकट्याचा होता? बंदुकांचा होता, तंबूंचा होता, स्वयंपाकाच्या भांड्यांचासुद्धा होता. मी स्वतः ठेवायला लावायचो."

"तर तेही लिहा."

सुभेदार आता हळू बोलले. "असं करू. सोमनाथचं ते वाक्य मी काढतो. 'कर्तव्य बजावताना वाहून गेले' एवढंच ठेवतो. तुझं पानही काढतो. मुलीच्या मनाला लागणार नाही, आणि पलटणीचंही राहील. पुढच्या गुरुवारी छापायला जातंय. खलास, तुमच्या तिकडे म्हणतात तसं."

गनीला सुटल्यासारखं वाटलं. एक पूर्ण दिवस ते तसंच वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी यार्डात लाइफ जॅकेटांचं खोकं आलं. नेहमीप्रमाणे त्यानं ते फाडलं, आणि हातातली कात्री तशीच राहिली. सोमनाथनं जॅकेट काढलं होतं, हे वीस वर्षं त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पुस्तकातलं वाक्य काढल्यानं ते त्या घरातून निघणार नव्हतं. का काढलं, ते सांगू शकणारा माणूस एकच उरला होता, आणि त्याला नुकतंच बरं वाटायला लागलं होतं.

सुभेदारांनी दिलेल्या नंबरवर सान्वीला कळवून रविवारी तो बसनं दुबईला आला, तिथून मेट्रोनं मरीनात. खिशात ते पान होतं. इनायाच्या शाळेच्या प्रिंटरवर काढलेलं.

पाण्याकाठच्या बाकावर सान्वी आधीच येऊन बसली होती. सव्वीस वर्षांची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, रविवार असूनही. वडिलांसारखी रुंद जिवणी.

"काका, सुभेदार काका म्हणाले पुस्तक अजून छापायचंय. मग तुम्ही इतक्या लांब आलात?"

"आधी हे वाच."

ती वाचू लागली. समोरून एक पांढरी नौका गेली. तिच्यातल्या मुलांनी नारिंगी जॅकेटं घातली होती, आणि गनीनं नजर खाली बुटांकडे वळवली. सान्वीनं पान संपवलं, पुन्हा वरून सुरू केलं, आणि पुन्हा संपवलं.

"आई आम्हाला पाण्याजवळ जाऊच द्यायची नाही," ती म्हणाली. "म्हणायची, बापाचा शहाणपणा अंगात नको. मी तिथे वर राहते, बाविसाव्या मजल्यावर. खाली स्विमिंग पूल आहे. तीन वर्षं झाली, मी त्यात उतरलेली नाही. फ्रेंड्स म्हणतात, काय प्रॉब्लेम आहे? मी सांगते, क्लोरीनची ॲलर्जी आहे."

गनीनं वर त्या मजल्यांकडे पाहिलं.

"पेटीला सील होतं, असं तुम्ही लिहिलंय," ती कागदावर बोट ठेवत म्हणाली. "सील तर कोणीही फोडतं. कुलूप होतं का?"

"होतं."

"मग किल्ली कोणाकडे होती?"

सोळा दिवसांत लिहिलेल्या त्या पानावर पलटण होती, रीत होती, इन्स्पेक्शन होतं, सुभेदार होते, पाऊस होता. किल्ली नव्हती. ती राहून गेली, असं त्याला म्हणता आलं असतं.

"माझ्याकडे," गनी म्हणाला. "कमरेला. सोमनाथ बोलत होता तेव्हा माझा हात तिच्यावरच होता."

सान्वीनं मान हलवली. पर्समधून पेन काढलं आणि कागदासकट त्याच्यापुढे धरलं. "मग तेवढं लिहा."

त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. खाली नाव घातलं, हुद्दा घातला. सान्वीनं फोनवर त्या पानाचा फोटो घेतला आणि सुभेदारांना स्वतःच्या नंबरवरून पाठवला. खाली तिनं एक ओळ टाइप केली आणि ती मोठ्यानं वाचून दाखवली: "हे पान छापणार असाल तरच मला प्रत पाठवा. सान्वी सोमनाथ चोगले."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. सुभेदार लिहितायत असं दिसलं. मग थांबलं. मग पुन्हा दिसलं.

दोघं त्या पडद्याकडे बघत बसले. ऊन बाकाच्या पायापर्यंत आलं.

"काका, तुम्हाला पोहता येतं?" सान्वीनं मान वर न करता विचारलं.

"खाडीकाठचा माणूस मी."

"तेव्हाही येत होतं?"

"तेव्हाही. पण मी स्टोअरमध्येच होतो."

तिनं फोन दोघांच्या मध्ये, बाकावर ठेवला. उठून गेली मात्र नाही. पडद्यावर सुभेदार अजून लिहीतच होते.