स्टँडबायवरचा लॅपटॉप

मी तीर्थपुरीच्या एका शाळेत शिकवते. निकालपत्रकं, मुलांची माहिती, सगळं घरीच लॅपटॉपवर भरायचं. उठताना तो बंद न करता नुसतं झाकण लावून, स्टँडबायवर, पलंगावर ठेवायची सवय होती. शेजारीच माझी दोन वर्षांची मुलगी दुपारची झोपायची.

त्या उन्हाळ्यात एकदा झाकण उघडलं, तर टाइप केलेलं अक्षर उमटायलाच वेळ लागू लागला. पाहिलं तर प्रोसेसरचा वेग अर्ध्या गिगाहर्ट्झच्याही खाली, नेहमीच्या पाव हिश्श्यावर, अडकलेला. रीस्टार्ट केल्यावर नीट चालला. पुन्हा स्टँडबायवरून उठवला, पुन्हा तेच. पॉवर सेटिंग बदलून झाली, अपडेट टाकून झाले. दर वेळी वाटायचं, जमलं. दुसऱ्या दिवशी वेग तिथंच.

एका दुपारी नातीचं पांघरूण सारखं करताना सासूबाईंचा हात शेजारच्या मिटलेल्या लॅपटॉपला लागला आणि त्यांनी तो झटकन मागं घेतला.

"हे झोपलंय म्हणती ना तू? मंग इतकं तापून कामून राह्यलंय?"

"उन्हानं असेल, आई."

"उन्हानं न्हाई. हात लावून बघ."

मी लावला नाही. दुसऱ्या दिवशी चाचणीचा निकाल द्यायचा होता.

पुढच्या आठवड्यात टचपॅड दबेना. झाकणही नीट बसेना, एका कोपऱ्यातून बोटभर वर राहू लागलं. ते दाबून बसावं म्हणून मी त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला.

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं जालन्याला गेले. लॅपटॉपची पिशवी दीड तास मांडीवर होती. दुरुस्तीवाल्यानं खालचे स्क्रू काढले, तळाचं कव्हर उचललं आणि तो थांबला.

"मॅडम, जरा मागं सरका."

बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"झाकण लावलं तरी हा झोपतच नव्हता. आत काम चालूच, गरमी कोंडलेली. बॅटरी बिलकुल गेली, म्हणून उठल्यावर प्रोसेसर वेग घेत नव्हता." मग त्यानं विचारलं, "याच्यावर वजन ठेवलं होतं का काही?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं. दाबली असती तर पेटली असती."

त्यानं ती दोन्ही हातांनी अलगद उचलून मागच्या अंगणात, वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, शब्दकोशाचंही. त्यांनी झोपलेल्या नातीला उचललं आणि आपल्या खोलीत नेलं.

नवी बॅटरी बसली, वेग पुन्हा कधी पडला नाही. मुलगी मात्र त्या दिवसापासून त्यांच्याच खोलीत झोपते. तिला परत आणा म्हणायची माझी अजून हिंमत झालेली नाही.