गुरुवारी उघडणारं झाकण

शवपेटीचं झाकण पन्नासाव्यांदा अगदी वेळेवर उघडलं आणि माझं डोकं फिरलं.

मेंटेनन्सवाल्याला बिघडलेलं मशीन चालतं. पूर्ण बंद पडलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. पण तक्रार आलेली आहे, माणसाला लागलेलं आहे, आणि मशीन मात्र आपल्यासमोर साळसूदपणे चालतंय, यासारखा दुसरा वैताग नाही. मी एकतीस वर्षं एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर कामशेतला छोटं दुकान टाकलं. सेन्सर, मोटारी, कंट्रोल पॅनेल अशी कामं घेतो. पण भुताचं काम पहिल्यांदाच घेतलं होतं.

लोणावळ्यात जुन्या हायवेला लागून निखिल नावाच्या पुण्याच्या मुलाने हे हॉरर म्युझियम काढलंय. पुढे दुकान. त्यात काचेचे डोळे, बरणीतल्या रबरी पाली, तुटकी बोटं, जुन्या दवाखान्यातली गंजकी हत्यारं. लोक हे पैसे देऊन घरी नेतात, का नेतात ते मला अजून कळलेलं नाही. मागे सात अंधाऱ्या खोल्या. तिथे नुसतं बघायचं नाही, हात लावायचा, कप्पे उघडायचे, आणि घाबरायचं. पहिल्या दिवशी मी काउंटरवरच्या माणसाला "निखिलशेठ कुठे आहेत?" असं दोनदा विचारलं. तो पुतळा होता. खऱ्या कॅशियरने मागून सांगितलं तेव्हा मी त्याच्यावरही क्षणभर विश्वास ठेवला नाही.

पाचव्या खोलीत शवपेटी. तिची यंत्रणा मी बसवलेली. लिफ्टच्या दारात हात घातला की दार परत उघडतं ना, तसंच हे. एका भिंतीतून न दिसणारा किरण निघतो, समोरच्या भिंतीतल्या डोळ्यावर पडतो. याला आम्ही बीम म्हणतो. माणूस मध्ये आला की बीम तुटतो आणि हवेच्या दाबाचा दांडा झाकण धाडकन वर फेकतो. माणूस तेव्हा पेटीपासून चार फुटांवर असतो. मग झाकण मिटतं आणि चाळीस सेकंदांनी यंत्रणा पुन्हा तयार होते. झाकण उघडायचा दुसरा एकच रस्ता: कंट्रोल रूममधलं हिरवं बटण.

गेल्या गुरुवारी एक बाई त्या खोलीत गेल्या. झाकण उघडलं, त्या किंचाळल्या, हसल्या, झाकण मिटलं. खेळ संपला असं समजून त्या पेटीवर रेलून सेल्फी काढायला लागल्या, आणि झाकण पुन्हा उडालं. मनगटाला चांगलाच मार बसला. हाड वाचलं ते नशीब.

"काका, बीमजवळ कोणी नव्हतं," निखिल म्हणाला. "कॅमेऱ्यात दिसतंय. मग एकतर तुमचा सेन्सर खराब, नाहीतर नसरीनने बटण दाबलं. मला लेखी द्या."

नसरीन म्हणजे कंट्रोल रूमची ऑपरेटर. कान्हे गावची मुलगी, वय असेल चोवीस-पंचवीस. वडील टेम्पो चालवतात, आणि घरात दरमहा ठरलेला पगार आणणारी ही एकटीच. मी तिचं रजिस्टर मागून घेतलं. अक्षर मोत्यासारखं. गेल्या गुरुवारच्या नोंदीत लिहिलं होतं: 'बीमजवळ कोणी नाही. झाकण आपोआप उघडलं. बटण दाबलेलं नाही.' त्याआधीही अशा दोन नोंदी होत्या.

मी त्या वाचल्या आणि रजिस्टर मिटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, पोरगी आधीपासून स्वतःची बाजू लिहून ठेवतेय.

मग सोमवारचा अख्खा दिवस मी त्या पेटीसमोर ये-जा केली. पन्नास वेळा. पन्नास वेळा झाकण बरोबर उघडलं, एकदाही फाजील उडालं नाही. वायरी तपासल्या, रिले तपासला, ओल कुठे शिरलीय का पाहिलं. काही नाही. संध्याकाळी लिहून दिलं: 'सेन्सर ओके.' दोनच शब्द. सही केली आणि घरी येऊन जेवलो.

मंगळवारी दुपारी नसरीनचा फोन आला.

"काका, निखिल सरांनी सांगितलंय, शनिवार शेवटचा. ग्रुपवरपण टाकलंय सगळ्यांसमोर. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं."

"मी तुझं नाव कुठे लिहिलंय?" मी म्हणालो.

"नाव कशाला लिहायला पाहिजे? दोनच तर रस्ते आहेत. एक तुम्ही ओके केलात." मग म्हणाली, "काका, एकदा गुरुवारी येऊन बसा. तिन्ही वेळा गुरुवारच होता."

मला हसू आलं आणि रागही आला. सेन्सरला वार कळत नाही. पण माझी बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊन या हो. दोन शब्दांत पोरीची नोकरी घालवलीत, एक दुपार घालवायला काय होतंय?"

गुरुवारी पोचलो तर दारातच हिराबाई मावशी भेटल्या. या वडिवळे गावच्या, म्युझियमची झाडलोट करतात. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि मला धारेवरच धरलं.

"आलात व्हय? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुमी! ती पोर बटन कशाला दाबंल?"

"मग कोणी दाबलं, मावशी?"

"मला काय ठावं? पर त्या पेटीत कायतरी हाय. मी तितं एकली झाडत न्हाई."

पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. रबरी मढं, एक सिलिंडर आणि माझ्या दुकानाचं स्टिकर. मी मावशींना तसं सांगितलंही. त्यांना पटलं नाही.

तीन वाजता पाचव्या खोलीत कोपऱ्यात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसलो. बीमपासून लांब, पेटीपासूनही लांब. पर्यटकांना ती खोली बंद ठेवायला सांगितली. मांडीवर वही, खिशात टॉर्च. टॉर्च लावायचा नाही, जे रोज असतं तसंच ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. दर पाच मिनिटांनी मोबाइलच्या उजेडात वेळ लिहीत होतो. तीन पाच, काही नाही. तीन दहा, काही नाही. शेजारच्या खोलीत लोक किंचाळत होते, लगेच हसत होते. माझा डोळा लागायला आला.

चारच्या सुमारास पेटीमागच्या फळ्यांच्या फटीतून लोबानाचा वास आला. मागे कामगारांची बोळ आहे. गुरुवार, म्हणजे लोबानवाले बाबा आले असणार. ते कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत दुकानोदुकानी फिरतात. निखाऱ्यावर लोबान टाकून दुकानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात धूर देतात. दुकान हिंदूचं असो की मुसलमानाचं, गल्ल्यावरचा माणूस दोन्ही हात धुरावर धरतो आणि तोंडावरून फिरवतो. माझ्याही दुकानात येतात. फटीतून त्यांचा मोरपिसांचा पंखा हलताना दिसला. मी बसल्या जागी हात जोडले. बरं वाटलं जरा त्या खोलीत.

वहीत लिहिलं: 'चार दहा. खोलीत कोणी नाही.'

पेन खिशाला लावतोय तोच झाकण उडालं.

मी स्टुलावरून पडलोच. यंत्र मी बसवलेलं, मढं रबरी आहे हे मला माहीत, तरी घाबरलो ते घाबरलोच. भीती ओसरली तसा संताप चढला. बीमजवळ चिटपाखरू नव्हतं. म्हणजे बटण! मी तरातरा कंट्रोल रूममध्ये गेलो.

"दाबलंस ना? मी बसलेलो असताना दाबलंस? शनिवारच्या आत मला खोटं पाडायचं होतं तुला?"

नसरीनचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. तिने हिरव्या बटणाखालची पट्टी उघडली, दोन्ही वायरी उपसून काढल्या आणि मुठीत धरून माझ्या नाकासमोर आणल्या.

"आता बघा," ती म्हणाली.

आम्ही दोघं मॉनिटरकडे बघत उभे राहिलो. पेटी मिटलेली. खोली रिकामी. वायरी तिच्या मुठीत. आणि झाकण पुन्हा धाडकन उघडलं.

आयुष्यात इतका गोंधळलेलो मी कधी नव्हतो. हिराबाई मावशींचं म्हणणं निदान एकदा ऐकून घ्यावं, इथपर्यंत माझी मजल गेली. मी निमूट टॉर्च घेतला, परत पाचव्या खोलीत गेलो आणि दारातच तो लावला.

टॉर्चचा झोत खोलीत पांढराफटक उभा राहिला. सगळा धूर! अंधारात तो ना मला दिसला होता, ना कॅमेऱ्यात. बंद खोली, वारा नाही. लोबानाचा धूर कमरेइतक्या उंचीवर थरच्या थर साचलेला, आणि माझा बीमही नेमका कमरेइतक्याच उंचीवर. मी बीमच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. बोटाला चिकट, तपकिरी राप लागला. सहा महिन्यांच्या गुरुवारांचा राप. काच नवी होती तेव्हा किरण धुरातून आरपार जायचा. राप चढत गेला, किरण अशक्त होत गेला, आणि आता धूर आला की तुटायला लागला. सोमवारी धूरच नव्हता, म्हणून पन्नासच्या पन्नास वेळा ओके.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! निखिलला त्या खोलीत धुराचं मशीन लावायचं होतं, तेव्हा 'धुराने बीम तुटतो' म्हणून अडवणारा मीच होतो. लोबानाचा धूर मी धुरात धरलाच नव्हता.

बाबा अजून पुढच्या दुकानात होते. हातातलं धुपाटणं खाली ठेवून बसले होते, शेजारी हिराबाई मावशी उभ्या होत्या. मी विचारलं, "बाबा, तुम्ही मागच्या फटीतून त्या पेटीच्या खोलीत धूर देता?"

"दर जुम्मेरातीला देतो की. या मावशीनंच सांगितलं. बाकी खोल्यांना थोडा थोडा, आन् तितं जरा जास्त. तितं गरज लय हाय न्हवं का!"

मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मंग काय करू? मला रोज तितं झाडावं लागतंय."

"अहो, मी तुम्हाला मघाशी दारात विचारलं ना, तिथे कोण जातं म्हणून?"

"कोण जातंय ते इचारलं न्हाईच तुमी. बटन कुनी दाबलं ते इचारलं. आन् बाबा म्हंजी काय कोन व्हय? ते बाबा हायेत."

त्यांचं बरोबरच होतं. कॅशियरला विचारलं असतं तरी त्याने 'कोणी आलं नाही' असंच सांगितलं असतं. नसरीनने तसंच लिहिलं. मी स्वतः हात जोडून तसंच लिहिलं. दर गुरुवारी येणाऱ्या माणसाला आम्ही कोणीच 'आला' असं धरत नव्हतो.

बाबांना वाईट वाटलं. "त्या बाईला माज्यामुळं लागलं का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नाही बाबा, माझ्यामुळे. काच पुसायला दर महिन्याला यायचं होतं, मी आलो नाही."

तेही खरंच होतं. करारात लिहिलेलं होतं. सोमवारी तपासणी करतानाही मी काचेला हात लावला नव्हता, कारण झाकण नीट उघडत होतं.

रिपोर्ट तिथेच काउंटरवर, त्या पुतळ्याशेजारी बसून लिहिला. 'सोमवारची तपासणी अपुरी होती. दोष देखभालीचा, म्हणजे माझा. ऑपरेटरचा कोणताही दोष नाही. तिने नोंदी बरोबर केल्या होत्या.'

निखिलने वाचला. "काका, एवढं स्पष्ट कशाला? 'तांत्रिक कारण' लिहा. तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. आणि हे ग्रुपवर टाका. जिथे तिचं टाकलंत, तिथेच."

त्याने जरा का-कू केलं, पण टाकलं. मग नसरीनला बोलावून म्हणाला, "झालं गेलं विसरून जा. तू राहा."

नसरीनने माझी वही मागितली. मी दिली. चार दहाची नोंद तिने वाचली आणि वही माझ्यापुढे ठेवली.

"काका, मीपण हेच लिहिलं होतं. तीनदा. बघा, शब्दसुद्धा जवळपास तेच. पण मी लिहिलं तर ती थाप, आणि तुम्ही लिहिलं तर तो रिपोर्ट."

मी "सॉरी" म्हणालो. मुलीच्या वयाच्या माणसाला सॉरी म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे ते नीट बाहेरही पडलं नाही. ती "ठीक आहे" म्हणाली. ठीक नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

आता बीम खाली, गुडघ्याच्या उंचीवर घेतलाय. काच दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुसतो. बाबा सकाळी पहिले पर्यटक यायच्या आत येतात. तेव्हा मेन स्विच बंद असतो आणि मावशी म्हणतील तेवढा धूर पेटीला मिळतो. त्या बाईंना निखिलने मिठाई घेऊन जाऊन सगळं सांगितलं.

नसरीन महिनाभर राहिली. नोटीस दिली, नव्या ऑपरेटरला सगळं शिकवलं आणि तळेगावला एका कंपनीत लागली. निखिल मला म्हणाला, "कमाल आहे काका, सगळं क्लिअर झालं होतं, तरी गेली." त्याला अजून उमगलेलं नाही. मला थोडं उमगलंय. 'मशीन ओके' असं आपण लिहितो, तेव्हा त्या मशीनमागे बसलेल्या माणसाला आपण नापास करत असतो. एकतीस वर्षांत असे किती ओके मी लिहिले असतील, याचा हिशोब मी लावत बसत नाही. लावला तर झोप येणार नाही.