बेल्जियमच्या पेशंटची मानोऱ्याची बहीण

"पेशंटची बहीण भारतात राहते, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं, सर?"

पेशंटच्या परदेशी इन्शुरन्स कंपनीचं इथलं काम पाहणारी मुलगी फोनवर अतिशय गोड आवाजात विचारत होती. इन्शुरन्सवाले नाही म्हणायच्या आधी आवाज गोड करतात, हे मला या धंद्यात चांगलंच माहीत झालं आहे.

"मॅडम, पेशंट बेल्जियमचा आहे. त्याची बहीण भारतात कुठून येणार?"

"तुमच्याच फाईलमध्ये आहे सर. नातेवाइकाचं नाव, सुभद्राबाई प्रल्हाद राठोड. नातं, बहीण. पत्ता, तांडा, तालुका मानोरा."

मी फाईल उघडली. खरंच तसं लिहिलेलं होतं.

मी वाशिमच्या एका लहान खाजगी हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्क सांभाळतो. डेस्क म्हणजे औषधाच्या दुकानाशेजारचं एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. पेशंटला बरं करणं हे डॉक्टरांचं काम. पेशंट आजारी होता, हे कंपनीला पटवणं हे माझं काम. माझं काम जास्त अवघड आहे, कारण डॉक्टरांपुढे निदान पेशंट तरी असतो.

ही गोष्ट कोरोनाच्या पहिल्या वर्षाची. पीटर नावाचा हा रिटायर्ड शाळामास्तर शिरपूर जैनला जुन्या मंदिराच्या कोरीवकामाचे फोटो काढायला आला होता. दोन आठवड्यांसाठी. मग लॉकडाऊन लागलं, विमानं बंद झाली आणि गडी शिरपुरातच भाड्याच्या खोलीत राहिला. इतके महिने राहिला की लोक त्याला सोयाबीनचा भाव विचारायला लागले. पुढं साथ खेड्यापाड्यात शिरली तेव्हा दम लागलेल्या अवस्थेत त्याला आमच्याकडे आणलं.

पैशाचं म्हणाल, तर त्याचं कार्ड त्याच्या बँकेनं आधीच बंद करून ठेवलं होतं. कोणीतरी वाशिममध्ये पैसे खर्च करतंय म्हणजे कार्ड चोरीला गेलं असणार, असा बँकेचा अंदाज. राहिली ट्रॅव्हल पॉलिसी, ती वर्षभराची होती. बऱ्याच परदेशी कंपन्यांनी त्या वर्षी घाईघाईनं एक कलम घातलं होतं, की साथीचा आजार कव्हर होणार नाही. म्हणजे साथीच्या काळात साथ सोडून बाकी सगळ्या आजारांवर संरक्षण. पीटरचं नशीब एवढंच, की त्याच्या पॉलिसीत ते कलम घालायचं राहून गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी राउंड घेऊन आमचे मालक डॉ. काळे थेट माझ्या टेबलाशी आले.

"वानखडे, त्या पीटरले आता मास्कचा ऑक्सिजन पुरत नाई. जोरानं ऑक्सिजन देणारी मशीन पायजे. आपल्याकडे नाई. नागपूरले एका ठिकाणी एक कॉट रिकामी हाय, ते संध्याकाळपर्यंत थांबतो म्हनतेत."

"मग पाठवू की सर."

"फॉरेनर हाय म्हनून गॅरंटी लेटर मागतेत. लेटर नाई तं कॉट नाई."

गॅरंटी लेटर म्हणजे 'या पेशंटचं बिल आम्ही भरू' अशी इन्शुरन्स कंपनीची चिठ्ठी. परदेशी पेशंटच्या बाबतीत ही चिठ्ठी ऑक्सिजनच्या आधी लागते. ती आज आली नाही तर ती कॉट दुसऱ्याला जाणार आणि पीटर आमच्याकडे जे आहे त्यावर राहणार. जे आहे ते पुरत नाही, हे तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी सकाळपासून त्या चिठ्ठीसाठी फोन करत होतो, आणि कंपनीला दुपारी बहीण सापडली.

बहिणीनं काय बिघडतं? खूप बिघडतं. पीटरची पॉलिसी होती टुरिस्टची. नातेवाइकांकडे राहायला येणाऱ्यांची पॉलिसी वेगळी असते आणि तिचा हप्ता जास्त. वर इथं बहीण आहे म्हटल्यावर हा माणूस फिरायला आला नसून कायमचाच इथं राहतोय की काय, अशीही शंका. त्यामुळे फाईल 'रिव्ह्यू'ला गेली होती. रिव्ह्यू म्हणजे फाईल अशा टेबलावर जाते, जिथला माणूस नेहमी नुकताच जेवायला उठलेला असतो.

मी रिसेप्शनवरच्या ज्योतीला बोलावलं.

"ज्योती, बहीण कायले लिहिलं?"

"सर, नातेवाइकाचा रकाना रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर पुढंच जात नाई. लाल होते."

"म्हणून बहीण?"

"बाजूच्या कॉटवाल्या काकू त्याले पाणी पाजून राह्यल्या होत्या. मी म्हनलं, काकू तुमचं नाव टाकू का? तं म्हने टाक. नातं काय टाकू म्हनलं, तं म्हने बहीन टाक, का बायको टाकतं?"

ज्योतीवर काय रागावणार? आमच्याकडची हॉस्पिटलं नातेवाइकांवरच चालतात. आमच्याकडे स्वयंपाकघर नाही. डबा नातेवाईक आणतो, औषधं नातेवाईक आणतो, सलाईन संपत आलं की नर्सला हाक तोच मारतो. ज्याला नातेवाईक नाही असा पेशंट आमच्या सॉफ्टवेअरला माहीतच नाही. कोरोनाच्या वॉर्डात नातेवाईक नको, असा नियम होता. नियम भिंतीवर होता आणि नातेवाईक कॉटखाली.

सुभद्राबाईंचा नवरा प्रल्हाद पीटरच्या शेजारच्या कॉटवर होता. दोघं नवराबायको दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. बाईंना कोरोना आधीच होऊन गेला होता, त्यामुळे मला आता काय होते, असं म्हणून त्या वॉर्डातच राहायच्या. वाशिमात भाचीच्या खोलीवर जाऊन स्वयंपाक करायच्या, डबा घेऊन यायच्या. वरणात कुस्करलेली भाकर. पहिल्या दिवशी नवऱ्याला भरवून झाल्यावर उरलेली पीटरला भरवली, दुसऱ्या दिवसापासून डबाच मोठा आणला. पीटरला मराठी येत नव्हतं. बाई त्याच्याशी वऱ्हाडीतच, फक्त मोठ्यानं बोलायच्या. तो गुपचूप तोंड उघडायचा.

मी कंपनीला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. बहीण नाही, शेजारच्या पेशंटची बायको आहे, रकाना भरायचा म्हणून नाव लिहिलं. मला वाटलं, सुटलो.

थोड्या वेळानं पुन्हा तोच गोड आवाज.

"सर, तुमच्या बिलात जेवणाचा चार्ज नाही. अटेंडंटचा चार्ज नाही. बहीण असती तर आम्ही समजलो असतो. पण तुम्ही म्हणता, इथं त्याचं कोणीच नाही. मग पेशंट इतके दिवस जेवतोय काय? आमच्या मेडिकल टीमला वाटतं, पेशंटकडे दुर्लक्ष झालंय. अशा केसमध्ये आधी चौकशी करावी लागते."

म्हणजे बाई बहीण असली तर पॉलिसी बाद, आणि नसली तर हॉस्पिटल बाद. कुठूनही गेलं तरी चिठ्ठी येत नव्हती. डॉ. काळे दर थोड्या वेळानं दारातून डोकावत होते.

"आलं का लेटर?"

"नाही सर. ते विचारतात, त्याला जेवू कोण घालतं."

"त्यायले सांग, तो मरून राह्यला. जेवनाचं मंग पाहू."

शेवटी मीच म्हणालो, तुमच्या डॉक्टरांनी स्वतः व्हिडिओ कॉल करून पाहावं. त्यांनी मान्य केलं. मी तो पांढरा पीपीई सूट चढवला, त्यात घामानं निथळलो आणि मोबाईल घेऊन वॉर्डात गेलो. पीटरचे डोळे अर्धवट मिटलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सुभद्राबाई दोन कॉटांच्या मधल्या स्टुलावर बसलेल्या. मोबाईलमध्ये पलीकडे एक डॉक्टरबाई, मागं पुस्तकांचं कपाट, हातात कॉफीचा मग.

"या बाई पेशंटच्या कोण आहेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी बाईंना विचारलं, "तुमी याच्या कोन लागता, असं विचारतात."

"कोनी नाई लागत."

"मग जेवू का घालता?"

सुभद्राबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आजारी मीच आहे. "मंग काय उपाशी ठेवू? या कॉटवर एक जन खाऊन राह्यला अन् त्या कॉटवर दुसरा पाहून राह्यला, असं असते का कुठं?"

पलीकडच्या बाई भाषांतराची वाट पाहत होत्या. हे इंग्रजीत सांगता आलं असतं, नाही असं नाही. पण त्यांच्या कुठल्या रकान्यात ते बसलं असतं? एवढ्या वर्षांत मी एक शिकलो आहे. इन्शुरन्सला माणुसकीची शंका येते. पद्धतीची येत नाही.

मी चेहरा शक्य तितका गंभीर केला. सूटमधून तो दिसत नव्हता, पण केला. म्हणालो, "मॅडम, या आमच्या बेडसाइड अटेंडंट आहेत. आमच्या हॉस्पिटलच्या शेअर्ड अटेंडंट प्रोटोकॉलखाली."

डॉक्टरबाईंचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्याकडे प्रोटोकॉल आहे? मग प्रश्नच नाही! तो मेल करा ना."

प्रोटोकॉल नव्हता. मी टेबलाशी जाऊन तो केला. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एक पान इंग्रजी. ज्या पेशंटसोबत नातेवाईक नाही त्याच्या जेवणखाणाची आणि देखरेखीची जबाबदारी शेजारच्या पेशंटचा अटेंडंट घेतो. आहार स्थानिक, ताजा, मऊ. भाकरीला मी 'मिलेट बेस्ड सॉफ्ट डाएट' लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वॉर्डात रोज हेच चालू होतं, फक्त त्याला कोणी इंग्रजीत नाव दिलेलं नव्हतं. डॉ. काळ्यांनी ते पान वाचलं.

"हे आपन कधी सुरू केलं?"

"आत्ताच, सर."

त्यांनी शिक्का मारला. चहा पिऊन होईपर्यंत गॅरंटी लेटर आलं. सोबत एक ओळ होती, की तुमच्या हॉस्पिटलची कार्यपद्धती पाहून समाधान वाटलं.

अँब्युलन्स लागली. पीटरला स्ट्रेचरवर घेतलं. सुभद्राबाईंनी ड्रायव्हरच्या हातात डबा दिला. "रस्त्यात याले चारजो. झोपला असन तं उठवजो, नाईतं तसाच राहते." ड्रायव्हरनं डबा घेतला. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला धावत्या गाडीत भाकर चारता येत नाही, हे त्यानं बाईंना सांगितलं नाही.

मग बाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, त्या नागपूरच्या मशीनवर दोघं नाई जमत का?"

मला या प्रश्नाची भीती सकाळपासून वाटत होती. डॉ. काळ्यांनी राउंडनंतर मला आणखीही सांगितलं होतं. प्रल्हादचा ऑक्सिजनही तितकाच खाली गेला होता. मशीन त्यालाही हवी होती. पण त्याच्यासाठी मी फोन कोणाला करणार? गरिबांच्या सरकारी योजनेतली नागपूरची हॉस्पिटलं भरलेली होती. ती चौकशी मीच केली होती आणि माझी ती चौकशी फार लवकर संपली होती. प्रल्हादच्या कॉटवर कुठलीही कंपनी शंका घेत नव्हती, कारण कुठली कंपनीच नव्हती.

"नाही जमत, बाई," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. दिवसभर मी ज्यासाठी धावपळ केली ते हाती आलं होतं, आणि तरी मला बाईंच्या मागून वॉर्डात जाववेना.

पुढचं सांगतो. पीटर त्या मशीनवर बरा झाला आणि विमानं सुरू झाल्यावर घरी गेला. प्रल्हाद मशीनशिवाय वाचला. डॉ. काळ्यांनी त्याला पालथं झोपवून ठेवलं होतं. तो उताणा व्हायला लागला की सुभद्राबाई रागावून पुन्हा पालथा करायच्या. कसा वाचला, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. पण ऊस तोडायचा दम त्याच्यात राहिला नाही. बिलात डॉक्टरांनी सूट दिली, उरलेलं नंतर देतो म्हणून बाई त्याला तांड्यावर घेऊन गेल्या.

मग एक दिवस कंपनीचा मेल आला. पॉलिसीप्रमाणे बेडसाइड अटेंडंटचा रोजचा खर्च मंजूर आहे, तरी अटेंडंटनं बिल सादर करावं. रोजचा दर त्यांनीच कळवला होता, त्यांच्या देशातला. मी तो रुपयांत करून डॉ. काळ्यांना दाखवला.

"माझ्या व्हिजिटपेक्षा जास्त?"

"सर, तुम्ही नुसतं तपासलं. तिनं जेवू घातलं."

मी सुभद्राबाईंना बोलावून त्यांच्याच नावानं बिल केलं, सही घेतली, बँकेचं पासबुक जोडलं. कंपनीनं एकही प्रश्न न विचारता पैसे पाठवले. इतक्या वर्षांत पूर्ण पास झालेला असा क्लेम माझ्या हातून दुसरा गेलेला नाही. मी दोन दिवस खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी बाई काउंटरवर आल्या. पिशवीतून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"हे काय, बाई?"

"त्या गोऱ्याले जेवू घातल्याचे हायेत. आमचं बिल राह्यलं होतं ना? घ्या मोजून."

मी मोजले. प्रल्हादच्या बाकीइतके होते, वर थोडे उरले. ते मी परत केले.

"भाऊ, एक इचारू? आमच्या मानसालेई मीनंच जेवू घातलं. त्याच डब्यातलं. त्याचे कोन देते?"

"त्याची पॉलिसी नसते, बाई."

"काहून नसते?"

मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली. त्या मानोऱ्याच्या बसला गेल्या, उरलेले पैसे तिकिटापुरते होते. इन्शुरन्सचा पैसा शेवटी जातो कुणाला, असं लोक मला अजून विचारतात. हॉस्पिटलला जातो. कधी थेट येतो, कधी तांड्यावरून फिरून येतो, पण येतो आमच्याच काउंटरवर.